लाल ही नुसती ओळख

पुस्तिकेत लिहिलंय : आजन्म.
गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं
या रकान्यात आकडा नाही,
नुसता हा एक शब्द.
कुणाचा जन्म, ते दिलेलं नाही.
गाडीचा म्हणावा, तर तिचा दुसरा जन्म चालू आहे माझ्याकडे.
माझा म्हणावा, तर इतकी खात्री
गुडघा बदलताना डॉक्टरांनीही दिली नव्हती.

गुडघ्यासाठीच घेतली ही. क्लच नाही.
डावा पाय बसून असतो पाहुण्यासारखा,
तरी महापेच्या सिग्नलला
दाबतो काहीतरी, जे तिथे नसतं.

ब्याऐंशी हजार किलोमीटर.
त्यातले साठ बेलापूरच्या एका वकिलाचे.
तेल कधी बदललं होतं का, विचारलं,
तर आठवत नाही म्हणाला. वकील असून.

शोरूमचा मुलगा म्हणतो, सीलबंद असतं, हात लावू नका.
वरचे पेडणेकर म्हणतात, चाळीस हजारांना बदलायचंच,
आणि जावयालाही बदलायला लावतात.
घणसोलीचा हसुराम काहीच म्हणत नाही.
गाडीखाली जातो, बराच वेळ दिसत नाही,
मग येतो आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
एक थेंब टेकवतो.

आता हा प्रांत माझा.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
थेंब पसरताना बघण्याचाच पगार घेतला.
नवं तेल कोकम सरबत,
हे म्हणजे उकळून उकळून आटलेला काढा.
पण लाल हा गुण नव्हे, हसुराम.
लाल घालतात तो ओळख पटावी म्हणून,
इंजिनच्या तेलाशी गल्लत होऊ नये म्हणून.
आणि लाल सगळ्यांत आधी उडतो :
पडद्यांचा, छत्र्यांचा, आमच्या लग्नाच्या शालूचा.
तो उडाला म्हणून कापड फाटत नाही.

"वास घ्या," हसुराम म्हणाला.

इथे माझी गोची.
नाक मी कारखान्यातच ठेवून आलो.
ग्रॅच्युइटीच्या हिशेबात ते धरलेलं नव्हतं.
घरात फोडणी करपली, तर मला धूर दिसल्यावर कळतं.

हेमांगी गाडीतून उतरली. चष्मा कपाळावर चढवला.
कागद नाकाशी नेला,
जसे माझे शर्ट न्यायची
बादलीत टाकायच्या आधी,
आणि आज कुठली भट्टी होती,
ते मी न सांगता सांगायची.
"खाली लागलंय," ती म्हणाली,
"पण वरचं खाण्यासारखं आहे."

हसुराम पहिल्यांदा हसला.
"सगला नको काढू एकदम, काका.
या चिखलानंच पट्टे धरून ठेवलेत इतकी वर्सं.
अर्धा आज. अर्धा हजार किलोमीटरनी."

मी मनात मांडलं : अर्ध्याचं अर्धं,
म्हणजे पाव जुनंच राहणार.
तिसऱ्यांदा काढलं तरी अर्धपाव.
कितीही वेळा काढा, शून्य येतच नाही.
"राहू दे की," हेमांगी म्हणाली,
"विरजणाला जुनं लागतंच थोडं."

तेल पत्र्याच्या डब्यात पडत राहिलं,
आधी धार, मग दोरा, मग थेंब.
हसुरामने डबा उजेडात धरला, तळाशी बोट फिरवलं,
बोटाला राखाडी चमक आली. "चालंल," म्हणाला,
आणि बोट पँटला पुसलं.

ऐरोलीला परत येताना गिअर कधी पडला, कळलं नाही.
कळू नये, यासाठीच तर अडीच हजार दिले.
घरी पुस्तिका काढली.
"आजन्म" तसंच राहू दिलं,
छापलेलं खोडायला हात धजत नाही अजून.
त्याखाली पेन्सिलने लिहिलं :
हजारानंतर, उरलेलं अर्धं.
मग दर चाळीस हजारांनी,
किंवा हेमांगीला वास आला तर त्याआधी.

तिने खांद्यावरून वाचलं.
"आणि मला सर्दी असेल तर?"